दोन सह्या आणि अर्धी मालकी : १९१० ची पोर्तुगीज क्रांती गोव्याच्या घराघरांत कशी टिकली

गोव्यातले जमिनीचे खरेदीखत वाचायला घेतले की सह्यांची संख्या लगेच डोळ्यांत भरते. विकणारे चार विवाहित भाऊ असतील तर सह्या आठ. बहिणींचा वाटा असेल तर त्यांच्या नवऱ्यांच्याही. एखादी जाऊ कुवेतला असेल, एखादा जावई लिस्बनला, तर त्यांची मुखत्यारपत्रे आल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. सावंतवाडी किंवा बेळगावहून आलेल्या खरेदीदाराला ही सगळी कटकट वाटते. पण याच सह्यांत एका क्रांतीचा आणि तिच्याही आधीच्या एका संहितेचा वारसा शाबूत आहे, आणि तो कसा चालतो, कुठे अडतो हे तपशिलात पाहणे हाच या प्रकरण अभ्यासाचा विषय आहे.

लिस्बनमध्ये काय झाले

५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनच्या नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा झाली. तरुण राजा दुसरा मानुएल देश सोडून गेला. तेओफिलो ब्रागा यांच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार आले आणि न्यायखाते आफोंसो कोश्ता यांच्याकडे गेले. कोश्ता यांनी ज्या वेगाने फर्माने काढली तो आजही चकित करतो. ३१ ऑक्टोबरला वारसाहक्काची दुरुस्ती, ३ नोव्हेंबरला घटस्फोटाचा कायदा, २५ डिसेंबरला विवाह हा दिवाणी करार ठरवणारे आणि मुलांच्या संरक्षणाचे अशी दोन फर्माने, १८ फेब्रुवारी १९११ ला नागरी नोंदणी संहिता, २० एप्रिलला चर्च आणि राज्य यांच्या फारकतीचा कायदा. सात महिन्यांच्या आत जन्म आणि लग्न यांच्या नोंदी चर्चच्या वहीतून काढून सरकारी वहीत आणल्या गेल्या, आणि काडीमोड व वारसा यांचे नियमही बदलले.

हे प्रजासत्ताक फार जगले नाही. सोळा वर्षांत चाळीसहून अधिक सरकारे आली आणि गेली, २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाने सगळे संपले, आणि त्यातून पुढे सालाझारची हुकूमशाही राजवट उभी राहिली. क्रांतीने लोकांना दिलेले राजकीय स्वातंत्र्य तिच्याबरोबर गेले. तिचा कौटुंबिक कायदा मात्र मांडवीकाठी राहिला.

एक खुलासा सुरुवातीलाच करायला हवा, कारण गोव्यातल्या चर्चांमध्येही इथे गल्लत होते. नवरा-बायकोची सामायिक मालकी ही १९१० ची देणगी नाही. ती १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत होती आणि ही संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. क्रांतीने त्या जुन्या घराला नवे दरवाजे बसवले: लग्न दिवाणी केले, घटस्फोट आणला, नोंदणी सक्तीची केली, मृत्युपत्राने देता येणारा भाग वाढवून वारसांसाठी कायद्याने बाजूला ठेवलेला राखीव हिस्सा संपत्तीच्या दोन तृतीयांशांवरून निम्म्यावर आणला. आज लोक ज्याला ‘गोव्याचा समान नागरी कायदा’ म्हणतात ते या दोन थरांचे मिश्रण आहे.

गोव्यातल्या हिंदूंना मिळालेले

प्रजासत्ताकापूर्वी कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म होता. इन्क्विझिशन हे चर्चचे धर्मन्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले असले तरी सरकारी नोकरी, शिक्षण आणि मान यांत हिंदू माणूस मागच्याच बाकावर होता. १९१० नंतर कायद्यापुढे धर्म गौण ठरला आणि त्याचा परिणाम काही वर्षांतच दिसू लागला. मराठी नियतकालिके निघाली. केप्याहून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ याच दशकातले. मराठी शाळा आणि वाचनालये उभी राहिली, घरोघर मूठ मूठ तांदूळ बाजूला काढून शाळा चालवणाऱ्या पणजीच्या मुष्टिफंडासारख्या संस्थांना बळ आले. पोर्तुगीज भाषेतही लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांच्यासारखा पत्रकार याच मोकळ्या हवेत धर्मसत्तेविरुद्ध उघड लिहीत होता. १९३० मध्ये सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध विधिमंडळात गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणारे तेच. पुढे सेन्सॉरशिप इतकी आवळली गेली की लग्नपत्रिकाही तपासून घ्यावी लागे. म्हणूनच १९१० ते १९२६ हा काळ गोमंतकीय मराठीच्या इतिहासात वेगळा काढून पाहायला हवा. त्या सोळा वर्षांत उभ्या राहिलेल्या शाळा-वाचनालयांतून जी पिढी शिकली, तीच पुढे मुक्तिलढ्यात दिसते.

नागरी नोंदवहीचा आणखी एक परिणाम कलावंत समाजाच्या, म्हणजे देवळांत गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या घराण्यांच्या, बाबतीत झाला. ज्या स्त्रियांना देवळाच्या प्रथेमुळे लग्नच नाकारले जात होते, त्यांच्यासाठी निबंधकाची खिडकी खुली होती. तिथे जात किंवा देवस्थान विचारले जात नव्हते. २५ डिसेंबरच्या दुसऱ्या फर्मानाने बापाने मुलाला आपले म्हणून मान्य करण्याची आणि काही ठराविक परिस्थितींत पितृत्व कोर्टात सिद्ध करण्याची वाट दिली. समाज बदलण्याचे खरे काम राजाराम पैंगीणकर आणि या समाजाच्या ‘गोमंतक मराठा समाज’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी केले. कायदा त्यांच्या हाती आयता होता, एवढाच त्याचा वाटा. पण तो वाटा मोठा आहे.

घटस्फोटाच्या कायद्याची तुलना तर डोळे उघडणारी आहे. १९१० च्या फर्मानात नवऱ्याचा व्यभिचार आणि बायकोचा व्यभिचार ही दोन्ही कारणे सारख्याच वजनाने आली. तीन वर्षे टाकून देणे, वाईट वागणूक, जुगाराचे जडलेले व्यसन, दहा वर्षे राजीखुशीने वेगळे राहणे हीही कारणे होती. लग्नाला दोन वर्षे झालेली आणि दोघेही पंचविशी ओलांडलेले असतील तर परस्परसंमतीने घटस्फोट मिळे. मुंबई इलाख्यात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये मिळाला, देशभर १९५५ मध्ये, आणि परस्परसंमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आला.

१९६१ नंतर : जुने घर, नवे राज्य

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या प्रशासन कायद्याच्या कलम ५ ने, बदलले जाईपर्यंत जुने कायदे चालू राहतील असे ठरवले. हिंदू विवाह कायदा, हिंदू उत्तराधिकार कायदा, १९३७ चा शरियत कायदा यांपैकी काहीही गोव्याला लागू केले गेले नाही. मग एक विलक्षण गोष्ट घडली. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी नागरी संहिता आणली आणि १९७४ च्या क्रांतीनंतर तीही स्त्री-पुरुष समतेच्या दिशेने बदलली. मुख्य भूमीवर १८६७ ची संहिता इतिहासजमा झाली आणि भारतातल्या एका राज्यात ती जिवंत राहिली. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याने (अंमल डिसेंबर २०१६ पासून) वारसाहक्काचा भाग नव्याने लिहिला, पण सांगाडा तोच ठेवला. विवाह आणि घटस्फोटाची मूळ फर्माने अजून तशीच आहेत.

लग्न : दोन सह्या

तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात लग्न दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात वधू-वर दोन साक्षीदारांसह जाऊन लग्नाचा इरादा जाहीर करतात. जन्मदाखले, रहिवासी दाखले जोडतात आणि सही करतात. मग हरकतींसाठी नोटीस लागते. मुदत संपली आणि हरकत आली नाही की दुसऱ्यांदा जाऊन सही करायची. लग्न कायद्याने पुरे होते ते या दुसऱ्या सहीने. कॅथलिक जोडप्याला १९४६ च्या फर्मानानुसार निबंधकाचा ना-हरकत दाखला घेऊन चर्चमध्ये लग्न करता येते आणि चर्चची नोंद मग नागरी वहीत उतरते.

बिघडते ते इथेच. पहिली सही झाली, मांडव पडला, सप्तपदी झाली, मुलगी सासरी नांदू लागली, आणि दुसरी सही राहून गेली. कधी आळसाने, कधी मुद्दाम. पुढे भांडण झाले की नवरा म्हणतो, लग्न झालेच नाही. फोटो, पत्रिका, भटजीची साक्ष हे सगळे असून बाईच्या हातात विवाहाचा दाखला नसतो, आणि दाखला नाही म्हणजे सामायिक मालकीही नाही. गोव्यातल्या महिला संघटना अनेक वर्षे हाच मुद्दा मांडत आल्या आहेत. मुलीच्या घरच्यांनी करायची गोष्ट साधी आहे: धार्मिक विधीची तारीख दुसऱ्या सहीनंतरची ठेवावी. हॉल मिळत नाही म्हणून क्रम उलटवला तर निदान दुसऱ्या सहीचा दिवस पत्रिका छापण्याआधीच पक्का करावा.

दुसरा निर्णय मालमत्तेच्या पद्धतीचा. लग्नाआधी नोटरीसमोर करार केला नाही तर आपोआप सर्वसाधारण सामायिक मालकी लागू होते: लग्नाआधीचे, नंतरचे, वारशाने आलेले, सगळे दोघांचे निम्मे निम्मे. वेगळे हवे असेल तर पूर्ण विभक्त मालकी, किंवा आधीचे ज्याचे त्याचे आणि लग्नानंतरचे सामायिक, असे पर्याय आहेत. पण हा करार लग्नापूर्वीच झाला पाहिजे आणि लग्नानंतर बदलता येत नाही. व्यवसायात कर्जाची जोखीम असणाऱ्या घरांनी हे आधी पाहावे. लग्न झाल्यावर वकिलाकडे जाऊन उपयोग नाही.

मृत्यू : आकडे मांडून

समजायला सोपे जावे म्हणून गोल आकडे घेऊ. फोंडा तालुक्यातले एक जोडपे, सामायिक मालकी, घर आणि बागायत मिळून १ कोटी २० लाखांची मालमत्ता, दोन मुली आणि एक मुलगा. नवरा गेला. पहिल्यांदा ६० लाख बाजूला निघतात. ते बायकोचे आहेत, वारसा म्हणून नव्हे, तिची मालकी म्हणून. उरलेले ६० लाख ही त्याची संपत्ती. तिच्यातला निम्मा भाग, ३० लाख, मुलांचा राखीव हिस्सा: प्रत्येकी १० लाख, मुलगा-मुलगी भेद नाही. उरलेले ३० लाख तो मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. समजा त्याने ते सगळे मुलाला दिले, तर मुलगा ४० लाख, मुली प्रत्येकी १० लाख. मृत्युपत्र नसेल तर तिघांना २०-२० लाख. मुलीला पूर्ण बेदखल करणे सहसा शक्य नाही; कायद्यात दिलेली मोजकी गंभीर कारणे मृत्युपत्रात लिहून ती सिद्ध करावी लागतात.

पळवाटाही संहितेने आधीच बुजवल्या आहेत. बापाने हयातीत एका मुलाला दिलेले बक्षीस वाटणीच्या वेळी हिशेबात परत घ्यावे लागते. आईबापांनी एका मुलाला जमीन विकायची तर बाकीच्या मुलांची संमती लागते, कारण नावाला विक्री आणि प्रत्यक्षात दान ही युक्ती जुनीच आहे. जिवंत माणसाच्या वारशावर आगाऊ पाणी सोडता येत नाही, त्यामुळे मुलीच्या लग्नात ‘तुझा वाटा दिला’ म्हणून घेतलेल्या कागदाला किंमत नाही.

आता याच उदाहरणात मुले नाहीत असे धरा. इथे सुशिक्षित घरेही फसतात. बायकोचे ६० लाख तिचेच राहतात, पण नवऱ्याचे ६० लाख आधी त्याच्या आईवडिलांकडे, ते नसतील तर भावंडांकडे आणि त्यांच्या मुलांकडे जातात. बायकोचा क्रमांक त्यांच्या नंतर लागतो. दीर-नणंदांशी एका घरात निम्म्या-निम्म्याने राहण्याची वेळ येते ती यामुळे. उपाय स्वस्त आहे: मृत्युपत्र. भावंडांना राखीव हिस्सा नसतो, म्हणून मूल नसलेल्या आणि आईवडील हयात नसलेल्या माणसाला सगळी संपत्ती जोडीदाराला लिहून देता येते. आईवडील असतील तर निम्मी.

वाटणी : इन्व्हेंटरी

एकमत असेल तर वारस विशेष नोटरीसमोर वारसनिश्चितीचे खत करतात आणि वाटणीपत्र नोंदवतात. एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवण्याची कार्यवाही. न्यायालय कुटुंबप्रमुख नेमते, बहुधा हयात जोडीदाराला. तो शपथेवर मृत्यूची तारीख, वारसांची नावे आणि मालमत्तेची यादी देतो. सर्वांना नोटिसा जातात, यादीवर हरकती येतात, मूल्यांकन होते. मग वारसांची बैठक आणि तिच्यात लिसिटेशन, म्हणजे वारसांचा आपसातला लिलाव. जास्त बोली लावणाऱ्याला ती मालमत्ता मिळते आणि वाट्यापेक्षा जास्त आलेली रक्कम तो इतरांना भरतो. शेवटी वाटणीचा तक्ता आणि त्यावर न्यायालयाची मोहोर.

कागदावर हे न्याय्य आहे. पण लंडनला राहणारा भाऊ आणि गावात घर सांभाळणारी विधवा वहिनी एकाच लिलावात बसतात तेव्हा पैसा कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असते. घर जाते आणि तिच्या हाती रक्कम येते. कुटुंबे याच भीतीने इन्व्हेंटरी टाळतात, एक पिढी जाते, दोन जातात, आणि सहा वारसांचे साठ होतात, त्यातल्या प्रत्येकाचा जोडीदार धरून. गोव्यातली कुलूप लागलेली, कोसळत आलेली कित्येक जुनी घरे या अडकलेल्या वाटण्यांची आहेत. मतभेद लहान असताना, पहिल्याच पिढीत वाटणी करून घेणे हाच त्यावरचा इलाज.

जमिनीच्या सर्व्हे उताऱ्यावर, म्हणजे एक-चौदावर, बहुतेक ठिकाणी घरातल्या एखाद्या पुरुषाचेच नाव असते. तो मालकीचा पुरावा नव्हे. खरेदीदाराने लग्नाचे दाखले, वारसखत किंवा इन्व्हेंटरीचा आदेश मागितला नाही, तर वीस वर्षांनी एखाद्या आत्याचा नातू दाव्याची नोटीस घेऊन उभा राहतो.

कागदावरची समता कुठे गळते

१९१० च्या विवाह फर्मानात वैवाहिक जीवन स्वातंत्र्य आणि समतेवर उभे आहे असे लिहिले, आणि त्याच कलमात रक्षण नवऱ्याकडे, घरकारभार बायकोकडे अशी वाटणीही केली. संहितेनुसार सामायिक मालमत्तेचा कारभार नवरा पाहतो. स्थावर विकायला बायकोची सही लागते, पण बँकेतली ठेव, दुकानातला माल, गाडी यांवर व्यवहारात त्याचाच हात चालतो. निम्मी मालकी असून बाईला हिशेब विचारता येत नाही, ही या कायद्यातली सर्वात मोठी उणीव आहे. दुसरी गळती भावनेची. बाप गेल्यावर बहिणी भावांसाठी हक्कसोडपत्र करून देतात. कायदा मुभा देतो, सक्ती करत नाही, पण माहेर तुटेल ही भीती सक्तीचेच काम करते.

आणि ‘समान’ हा शब्दही जपून वापरावा. १८८० च्या फर्मानाने हिंदूंच्या काही रूढी राखल्या. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत अपत्य नसेल, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नसेल, तर तिच्या संमतीने दुसरे लग्न, अशी तरतूद त्यात आहे. चर्चमध्ये लागलेल्या कॅथलिक विवाहाला १९४६ पासून दिवाणी घटस्फोटाची वाट बंद आहे. चर्चच्या न्यायाधिकरणाकडून विवाह रद्दबातल ठरवून घ्यावा लागतो. पोर्तुगालने हे बंधन १९७५ मध्ये उठवले. क्रांतीने दिलेला हक्क सालाझारने काढून घेतला, तो गोव्यातल्या कॅथलिकांना परत मिळालेला नाही, आणि यावर बोलले जाते त्यापेक्षा फार जास्त बोलायला हवे.

गोव्याबाहेर पोचलेले धागे

आयकरात हा वारसा थेट दिसतो. १९६१ च्या आयकर कायद्यात गोव्यातल्या जोडप्यांसाठी कलम ५अ घालावे लागले: पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मे. दुकानाचा नफा १२ लाख आणि भाडे २ लाख असेल तर प्रत्येकाच्या विवरणात ७ लाख. जोडीदाराचा पॅन देऊन ५अ चा तक्ता भरावा लागतो. गोव्याबाहेरचा कर सल्लागार तो हमखास विसरतो आणि मग नोटीस येते.

मुंबईत स्थायिक झालेल्या गोमंतकीयांसाठी सप्टेंबर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा. वाद मुंबईतल्या मालमत्तेचा होता. न्यायालयाने सांगितले की गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल. म्हणजे गिरगावातला फ्लॅट मृत्युपत्राने एकाच मुलाला दिला तरी राखीव हिश्शाच्या हिशेबात तो धरला जाणार. राज्याच्या सीमेपलीकडच्या, पेडणे-सावंतवाडी अशा सोयरिकी रोजच्या आहेत. अधिवास कुठला आणि त्यामुळे कोणता कायदा लागू, हे लग्नापूर्वीच विचारून घ्यावे.

शिवाय त्या जुन्या नोंदवह्या. मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांच्या नोंदी लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणीत उतरवून पोर्तुगीज नागरिकत्व घेणारी हजारो घरे आज याच वह्या उघडतात. अडचण येते ती नावांची. कारकुनाने पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिले: प्रभूंचे ‘पोरोबो’ झाले, कामतांचे ‘कामोतीं’, शेणवींचे ‘सिनाय’. आजोबांचे नाव वहीत एक, शाळेच्या दाखल्यात दुसरे आणि आधारवर तिसरे असले की आधी दुरुस्तीचा आदेश, मग दाखल्याची पूर्ण नक्कल, मग भाषांतर, आणि मग कुठे अर्ज.

विवाहाच्या फर्मानांचा मूळ मजकूर पोर्तुगीजमध्येच आहे. गोवा सरकारने २०१८ मध्ये अधिकृत इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यामुळे वकील-न्यायाधीशांची सोय झाली. मराठी आणि कोकणीत कलमवार, अर्थासह, स्वस्त पुस्तिका प्रत्येक नोंदणी कार्यालयात पहिल्या सहीच्या वेळीच वधूच्या हातात पडायला हवी. तिच्यात दुसऱ्या सहीचे पान सर्वात आधी असावे.